शब्दांचा घाट

गेल्या वर्षी आमची आई स्वयंपाकघराच्या उंबरठ्याशी पडली. हातात पाण्याने भरलेला तांब्या होता. तो सांभाळण्याच्या नादात तिने भिंत धरली नाही आणि डाव्या मनगटाचे हाड मोडून घेतले. तांब्याला मात्र साधा पोचाही आला नाही, ही गोष्ट पुढे आठवडाभर समाचाराला येणाऱ्या प्रत्येकाला ती मोठ्या अभिमानाने सांगत होती.

आईचे वय अठ्ठ्याहत्तर. यथाकाल प्लास्टर निघाले, हाडही जुळले, पण डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन बजावले, "यापुढे काठीशिवाय एक पाऊल टाकू देऊ नका. या वेळी मनगटावर निभावलं. पुढच्या वेळी कमरेचं हाड मोडलं तर अंथरूण सुटायचं नाही." त्याच संध्याकाळी मी बाजारातून एक उत्तम काठी घेऊन आलो. ॲल्युमिनियमची, खाली चार पाय, वर वाकडी मूठ, उंची हवी तशी कमीजास्त करता येणारी. आईने ती हातात घेऊन पाहिली, "छान आहे हो," म्हणाली, आणि देवघराशेजारच्या खुंटीला अडकवून टाकली. त्यानंतर ती काठी खाली म्हणून उतरली नाही. मी समजावले, रागावलो, एकदा तर चक्क अबोला धरला. शब्दांच्या सामर्थ्यावर वर्गात तासच्या तास बोलणारा मी मराठीचा प्राध्यापक, पण घरातल्या एका म्हातारीचे मन वळवणे मला काही साधले नाही.

अशा वातावरणात दिवाळीची सुट्टी लागली आणि मुंबईहून माझी पुतणी आली. ती तिथे 'प्रॉडक्ट डिझाइन' शिकते. म्हणजे नेमके काय शिकते, हे आमच्या घरात दोन वर्षे कोणालाच उमगले नव्हते. आईच्या समजुतीप्रमाणे ती 'चित्रकलेचं काहीतरी' करते, आणि आमच्या सौ.चे म्हणणे असे की, शेवटी नोकरी लागते एवढे कळले म्हणजे पुरे. या खेपेस तिला घरातल्या वृद्ध माणसाच्या उपयोगी पडेल अशी एखादी वस्तू तयार करून न्यायची होती. आल्या आल्या बॅग खाली टाकून तिने विचारले, "काका, दाते-कर्व्यांचा कोश तुमच्याकडे आहे ना?"

मी चाटच पडलो. 'महाराष्ट्र शब्दकोशा'चे १९३२ ते १९३८ या काळात निघालेले सात खंड माझ्या कपाटात आहेत खरे. पण त्यांचा लाभ आजवर मी, वाळवी आणि टेबलाशी उंच बसायला हवे असलेली पाहुण्यांची मुले, एवढ्यांनीच घेतला होता.

"वस्तू करायला कोश कशाला गं?"

"वस्तूच्या आधी शब्द येतो, काका. शब्द चुकला की वस्तूही चुकते."

हे वाक्य एखाद्या विद्यार्थ्याने उत्तरपत्रिकेत लिहिले असते तर मी त्याला दोन गुण जास्त देऊन विसरूनही गेलो असतो. पण ही मुलगी वाक्य टाकून थांबणारी नव्हती. तिने पहिला प्रश्न मलाच केला. 'डिझाइन'ला मराठीत काय म्हणायचे? नक्षी म्हणावे तर ती वरवरची. आराखडा म्हणावा तर तो कागदावरचा. रचना तर कवितेचीही असते आणि केसांचीही. मी थोडा विचार केला आणि म्हणालो, "घाट." आई अजून भांड्यांच्या दुकानात गेली की विचारते, "या घाटाचा दुसरा आहे का हो?" तिथे घाट म्हणजे आकार. आणि शेजाऱ्यांनी सत्यनारायणाचा घाट घातला, असे आपण म्हणतो, तेव्हा घाट म्हणजे बेत. इंग्रजी शब्दातही नेमके हेच दोन अर्थ शेजारी शेजारी नांदतात. पुतणीने तो शब्द वहीत लिहून घेतला आणि मला उगाचच कॉलेजात बढती मिळाल्यासारखे वाटले.

त्या बदल्यात तिने मला चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन दांपत्याची हकिकत सांगितली. भारत सरकारच्या बोलावण्यावरून ती दोघे इथे आली, देशभर हिंडली, आणि १९५८ साली त्यांनी सरकारला एक अहवाल दिला. त्यातूनच पुढे १९६१ मध्ये अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. इथे पाहिलेल्या असंख्य वस्तूंमध्ये त्यांना सर्वांत सुंदर काय वाटले असेल? शालू नव्हे, हस्तिदंती पेटी नव्हे, तर आपला साधा लोटा! मग त्यांनी स्वतःलाच विचारले, हा लोटा आज नव्याने घडवायचा झाला तर कशाकशाचा विचार करावा लागेल? किती पाणी न्यायचे, ते आणणाऱ्या हाताचा आकार आणि ताकद केवढी, तो डोक्यावरून न्यायचा, कमरेवर घ्यायचा की हातात, रिकामा असताना आणि भरलेला असताना तोल कुठे राहतो, ओतताना धार कशी पडते, आतून घासायला हात जातो का, उन्हात तापतो किती, कशावर आपटला तर आवाज कसा येतो, किंमत काय, आणि तो आपल्या मालकीचा असला, कोणाला द्यावा लागला, तर मनाला कसे वाटते. एवढे सगळे एका माणसाला बसून ठरवता येणार नाही, तो पिढ्यान्‌पिढ्या घडत आला आहे, असे त्यांचे म्हणणे.

हे ऐकताना माझ्यातला मास्तर जागा झाला. म्हटले, या प्रश्नांची उत्तरे आमच्या बायकांनी भांड्यांच्या नावांतच भरून ठेवली आहेत की! अरुंद गळ्याचा तो चंबू. तोटीतून बारीक धार सोडते ती झारी. कमरेवर बसते ती घागर, तिची धाकटी बहीण कळशी, आणि दोघींचा बाप हंडा. आंघोळीचे पाणी काढायला रुंद तोंडाचे गंगाळ, वाढायला ओगराळे, पाणी प्यायला फुलपात्र. शिवाय भांड्याला आपण तोंड देतो, गळा देतो, पोट, बूड आणि कान देतो. कढईचे कान म्हटले की ती दोन्ही हातांनी धरून उतरवायची, हे न सांगता कळते. प्रत्येक नाव म्हणजे एकेका प्रश्नाचे उत्तर. नाव गेले की तो प्रश्न कोणी विचारला होता, हेही विसरते. आमच्या वर्गातल्या मुलांना आता पातेले आणि डबा एवढी दोनच भांडी माहीत आहेत, पण ते दुखणे वेगळे, असो.

तांब्याचेच पाहा. तांब्याचा म्हणून तांब्या. धातूनेच त्याला नाव दिले. मग तो पितळेचा झाला, स्टीलचा झाला, प्लॅस्टिकचाही झाला. पण 'स्टीलचा तांब्या' म्हणताना कोणाला हसू येत नाही. शाई म्हणजे मुळात काळी, कारण फारसीत सियाह म्हणजे काळा. तरी आपण निळी शाई बिनदिक्कत म्हणतो. तेल तिळाचे म्हणून तेल. आज ते शेंगदाण्याचे आणि मोहरीचेही असते. या शब्दांनी काय केले? वस्तूतले जे जाऊ दिले तरी चालेल ते जाऊ दिले, आणि जे गेले तर वस्तूच उरणार नाही ते घट्ट धरून ठेवले. तांब्यातून तांबे गेले, पण पाणी नेणे, ओतणे आणि पंजात मावणे राहिले. पुतणी म्हणाली, "काका, आमच्याकडे हेच करायला शिकवायला सहा महिने घेतात."

आता शब्दांच्या जाळ्याविषयी. आपल्याकडे अमरकोश पाठ करण्याची चाल होती. त्यात शब्द अकारविल्हे नाहीत, विषयवार आहेत. स्वर्गाचे एकीकडे, पाण्याचे एकीकडे, वनस्पतींचे एकीकडे. इंग्लंडात रोजे नावाच्या डॉक्टरने १८५२ साली अर्थांप्रमाणे शब्दांची अशीच मांडणी करून कोश छापला. पुढे १९८५ पासून अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठात जॉर्ज मिलर या मानसशास्त्रज्ञाच्या देखरेखीखाली संगणकासाठी 'वर्डनेट' विणले जाऊ लागले. त्यात प्रत्येक अर्थ ही एक गाठ. त्या गाठीपासून दोरे निघतात: हा कशाचा प्रकार, याचे भाग कोणते, याच्या उलट काय. आपल्या मराठीचेही असे शब्दजाळे मुंबईच्या आयआयटीत तयार झाले आहे. मी इतकी वर्षे मराठी शिकवतो, पण ते मला पुतणीने दाखवले, हे कबूल केलेले बरे.

हे जाळे वस्तू घडवणाऱ्याला कसे उपयोगी पडते, याचे एक उदाहरण मला फार आवडले. कॅनडातील टोरंटो विद्यापीठात चिऊ आणि शू या संशोधकांनी यंत्रे रचणाऱ्यांसाठी जीवशास्त्राच्या पुस्तकात युक्त्या शोधण्याचा खटाटोप केला. शोधायचे ते क्रियापदाच्या आधाराने. 'स्वच्छ करणे' या शब्दावरून निघालेला दोरा जीवसृष्टीत 'रक्षण करणे' या शब्दापाशी जाऊन पोचला. शरीर आपला मळ काढत बसण्यापेक्षा शत्रूला आत शिरू न देण्यावर भर देते. म्हणजे मळ कसा काढावा हा प्रश्न बाजूला पडला, आणि मळ बसूच कसा नये, हा नवा प्रश्न उभा राहिला. पुढे २०१२ साली त्यांनी असेही दाखवले की, योजकांपुढे उलट अर्थाची क्रियापदे ठेवली तर त्यांच्या कल्पना अधिक वेगळ्या निघतात. विरुद्धार्थी शब्द लिहा, हा प्रश्न चौथीच्या मुलांनाच का घालावा, असे मला त्या दिवशी प्रथमच वाटले.

नाम आपल्याला जुन्या वस्तूपाशी नेऊन सोडते. क्रियापद मात्र कामापाशी नेते. याची साक्ष काढायला लांब जायला नको. इंग्रजीत ज्याला सरसकट 'ग्राइंड' म्हणतात, त्याला आमच्या स्वयंपाकघरात किती क्रियापदे! जात्यावर दळायचे किंवा भरडायचे, उखळात कांडायचे, खलबत्त्यात कुटायचे, पाट्यावर वाटायचे. क्रियापद बदलले की हत्यारही बदलते. मुंबईचे अभियंते सत्यप्रकाश माथूर यांच्या घरी एक जर्मन बनावटीचा मिक्सर होता. तिकडच्या पद्धतीने ढवळण्या-घुसळण्याच्या कामासाठी तो केलेला. इथे त्याला वाटण्याच्या कामाला जुंपले. बिचाऱ्याची मोटर जळाली. माथूरांनी मग त्याहून दणकट मोटर घेऊन आपल्या स्वयंपाकाला पुरेल असे यंत्र स्वतः रचायला घेतले. १९६३ साली कंपनी काढली, आणि पुढे त्यांचा 'सुमीत' घरोघर गेला. गंमत अशी की, यंत्र वाटण्याचे झाले तरी नाव मिक्सरच राहिले. आणि आमची आई अजूनही "चटणी मिक्सरवर वाट" असेच म्हणते. वर कसली वाटते आहे? चटणी तर आत असते! पण त्या 'वर'मध्ये पाटा आहे.

जपानातही अशीच एक गोष्ट घडली. ओसाकाच्या मत्सुशिता कंपनीला १९८५ च्या सुमारास घरी पाव करण्याचे यंत्र काढायचे होते, पण कणीक काही केल्या नीट मळली जाईना. तेव्हा इकुको तनाका ही कंपनीतली तरुणी शहरातल्या एका मोठ्या हॉटेलच्या मुख्य पाववाल्याच्या हाताखाली शिकायला राहिली. तो कणीक नुसती मळत नाही, ती ताणताना पिळतो, हे तिच्या ध्यानात आले. 'पिळून ताणणे' एवढाच शब्दप्रयोग घेऊन ती परतली, आणि अभियंत्यांनी त्याबरहुकूम यंत्राच्या आतल्या भिंतीला कंगोरे दिले. १९८७ साली ते यंत्र बाजारात आले. मी ही हकिकत आईला सांगितली. ती म्हणाली, "त्यात काय? पुरणपोळीची कणीक नुसती मळून भागत नाही, तिंबावी लागते. मला विचारायचं होतं."

हे "मला विचारायचं होतं" पुतणीने अक्षरशः घेतले. दुसऱ्या दिवशी तिने दिवाणखान्यात जमिनीवर खाकी कागद पसरला, मधोमध 'काठी' लिहिले, आणि मला कोश उघडायला लावले. मी भराभर शब्द सांगितले: दांडा, सोटा, लाठी, छडी, दंडुका. लिहून झाल्यावर दोघेही त्या कागदाकडे बघत राहिलो. निम्मे शब्द मारण्याचे! छडी मास्तरची, लाठी पोलिसाची, सोटा गुंडाचा. उरलेले वाक्प्रचार पाहावेत तर आंधळ्याची काठी आणि म्हातारपणाची काठी. खुंटीवरच्या त्या ॲल्युमिनियमला आई हात का लावत नव्हती, हे मला तेव्हा कळले, असे मला वाटले. पण तेही पुरते खरे नव्हते.

पुतणीने काठी सोडून दिली आणि दोन दिवस आजीच्या मागे वही घेऊन हिंडली. आजी काय काय करते त्याची फक्त क्रियापदे लिहायची. नामे नाहीत, विशेषणे नाहीत. सौ. म्हणाल्या, पोरीला लिहायला दुसरा उद्योग नाही. संध्याकाळी वही पाहिली तेव्हा एका शब्दापुढे रेघांची रांग लागली होती: नेते. ओट्यावरून देवघरात पाणी नेते. देवघरातून तुळशीपाशी निरांजन नेते. निवडलेली भाजी ओट्याशी नेते, धाकट्या नातवाला दूध नेते, निवडायचे तांदूळ उजेडात नेते. चालते हा शब्द अख्ख्या वहीत नव्हता. आई नुसती चालतच नाही. ती काहीतरी नेत असते.

"आजी, काठी का नाही गं घेत तू?" पुतणीने अगदी साधेपणाने विचारले.

"अगं, काठी धरली तर तांब्या कशात धरू?"

तीन आठवडे मी भांडत होतो, ते आईच्या अभिमानाशी. हा प्रश्न मी तिला एकदाही विचारला नव्हता.

खाकी कागदाची पाठ वापरली. एका टोकाला 'आधार', दुसऱ्या टोकाला 'नेणे'. आधाराभोवती आले: भिंत, खांब, कठडा, टेकू, कुबडी, वेलीचा मांडव, बाळाला दिलेले बोट. नेण्याभोवती आले: वाहणे, ओढणे, लोटणे, ढकलणे, डोई, कावड, हारा, गाडी. आता दोन्हीकडून दोरे ओढत आणायचे आणि कुठे गाठ पडते ते पाहायचे. 'ढकलणे' शब्दापाशी पुतणी थांबली. आमच्या गल्लीत रोज येणारा भाजीवाला दुपारपर्यंत दमतो, तेव्हा हातगाडी ढकलत नाही, तिच्यावर रेलतो. म्हणजे माल नेणारी गाडी त्याला आधारही देते. आणि माझ्या तोंडून एकदम निघाले, "पांगुळगाडा!"

पांगुळगाडा कोणाला ठाऊक नाही? तीन लाकडी चाके, पुढे आडवी दांडी, आणि तिला धरून पहिली पावले टाकणारे पोर. शब्दात पांगुळ आहे, तरी त्याची कोणाला लाज वाटत नाही. उलट घरदार टाळ्या वाजवते. आईने ऐकले आणि ती खदखदून हसली. "तुझा होता ना माळ्यावर, तो काढ," म्हणाली.

पुतणीने आठ दिवस आमच्या सुताराला जेरीस आणले. कमरेच्या उंचीची सागवानी चौकट, चार चाके, वर काठ असलेले तबक. मागच्या चाकांवर स्प्रिंग बसवली आहे. माणसाने वरून भार टाकला की ती चाके दबतात आणि रबरी पाय जमिनीला टेकतात. म्हणजे ढकलले की चालायचे आणि रेलले की थांबायचे. उंबरठ्यासाठी सुताराने दोन्ही बाजूंना लाकडी उतार ठोकून दिला. पहिल्या दिवशी तबकात ठेवलेला तांब्या घसरला. आई म्हणाली, "असा कसा राहील? खाली चुंबळ नको का?" डोक्यावरच्या घागरीखालची चुंबळ! तबकात एक गोल लाकडी कडे बसवले, आणि तांब्याचे बूड त्यात रुतून बसले. आमच्या दोघांच्या जाळ्यात तो शब्द नव्हताच.

मध्यंतरी एक दिवस पुतणी हिरमुसली होऊन बसली. स्वीडनमधल्या आइना विफाल्क या बाईंनी, ज्यांना स्वतःला पोलिओ झाला होता, अशा चाकांच्या आधाराची कल्पना १९७८ सालीच काढली होती, आणि तसल्या गाड्या जगभर मिळतात, हे तिला कळले. मी तिची समजूत घालायला गेलो, तर आईनेच विचारले, "त्या बाईच्या गाडीवर तांब्या राहतो का?" छायाचित्रे पाहिली. काहींना बसायची पाटी होती, काहींना पुढे टोपली होती. भरला तांब्या हिंदकळू न देता नेण्याची सोय आम्हांला त्यांत दिसली नाही. पुतणीने आपल्या अहवालात विफाल्कबाईंचे नाव सर्वांत आधी लिहिले आणि चुंबळीचे श्रेय आजीला दिले.

या गोष्टीला आता वर्ष होत आले. आई त्यानंतर पडलेली नाही. ती गाडी रोज पहाटे देवघराकडे निघते, आणि उंबरठ्याच्या उतारावर तिचा खडखडाट झाला की मला जाग येते. तिला अजून नाव मात्र पडलेले नाही. पुतणीने अहवालात एक भारदस्त इंग्रजी नाव दिले आहे; नातू तिला 'आजीची बस' म्हणतो; आई नुसतेच 'ती कुठे आहे?' म्हणून विचारते. काठी खुंटीवरच आहे. तिच्या वाकड्या मुठीने आई वळणीवरचे पातळ खाली ओढून घेते.

परवा पुतणीचा फोन आला, तेव्हा आईने माझ्या हातातून तो काढून घेतला. "हे बघ, ती आडवी दांडी काढ. हिवाळ्यात माझी बोटं तिच्यावर वळत नाहीत. तिला कान बसव. दोन्ही बाजूंना, कढईसारखे."

पलीकडून काय उत्तर आले ते मला ऐकू आले नाही. पण सुतार रविवारी यायचा आहे.